लॉक घेण्याआधी स्क्रू हलवून बघा

गिटार किंवा बेस, म्हणजे जाड तारांची बेस गिटार, मांडीवर आडवी घ्या. पट्टा काढून बाजूला ठेवा. पट्टा अडकवायचं जे धातूचं बटण असतं, ते दोन बोटांत धरून आधी फिरवून बघा, मग डावीउजवीकडे हलवून बघा. फिरलं, हललं, जरा जरी कुरकुरलं, तर स्ट्रॅप लॉकचा, म्हणजे पट्टा बटणावरून निसटू नये म्हणून लावायच्या लॉकचा, विचार आज नको. आधी ते बटण ज्या स्क्रूवर बसलंय त्याचं बघावं लागेल. नवीन पोरं विचारतात, "दादा, लॉक कुठलं घेऊ?" मी विचारतो, "स्क्रू कसाय?" त्यांना वाटतं हा विषय टाळतोय.

टाळत नाही. माझा बेस पडला तो लॉक लावलेला असताना पडला. लातूरकडच्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम होता, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज. दुसऱ्याच गाण्याला खांद्यावरचं वजन एकदम हलकं झालं. खाली बघतो तर बेस माझ्या पायावर, आणि पट्ट्याच्या टोकाला लॉक जसंच्या तसं लटकलेलं. लॉकमध्ये बटण, बटणात स्क्रू आणि स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा भुसा. लॉकनं त्याचं काम चोख केलं होतं. घोळ माझा होता. लॉकसोबत आलेला स्क्रू जुन्यापेक्षा बारीक होता, भोक जुनंच होतं, आणि "लागतोय की घट्ट" म्हणून मी तो तसाच पिळून बसवला होता.

म्हणून या लेखात बसवण्याचा भाग लांबलाय आणि निवडण्याचा आखूड. दुकानात आणि व्हिडिओत नेमकं उलटं असतं.

लॉक मुळात लागतं कशाला

साध्या पट्ट्याच्या टोकाला चामड्याचं भोक असतं आणि ते बटणावर नुसतं चढवलेलं असतं. उभं राहून वाजवताना पट्टा ताणलेला असतो, तोवर काही होत नाही. निसटतो तो पट्टा सैल पडल्यावर: पेडल दाबायला वाकलात, खुर्चीतून उठलात, कुणी मागून "भाऊ, फोटो" म्हणून खांदा ओढला की. त्यात घामानं भोक मऊ आणि मोठं होत जातं. आपल्याकडं कार्यक्रमांचे दिवसही असे की १४ जानेवारीचा नामविस्तार दिन सोडला तर थंडीत फारसं काही नसतं. १४ एप्रिल म्हणजे चाळिशीकडं निघालेलं ऊन, गणपती म्हणजे दमट उकाडा. भीमगीतांच्या कार्यक्रमात चार तास उभं राहिल्यावर पट्टा पिळून पाणी काढता येईल अशी अवस्था असते.

बहुतेक बेस चार-साडेचार किलोच्या घरात असतात. तो पडतो तेव्हा त्याची मान, म्हणजे तारांचा लांब दांडा, खाली येते, आणि ती मोडली की लॉकच्या कितीतरी पट खर्च.

निवड

धातूचे दोन प्रकार जास्त चालतात, ते नीट समजून घ्या.

पहिला शॅलर कंपनीच्या पद्धतीचा. बटणाच्या जागी त्यांचं बटण लागतं आणि पट्ट्याला घोड्याच्या नालेसारखा तुकडा. नाल बटणावर सरकवली की स्प्रिंगची खिट्टी आत बसते. मला हा आवडतो, कारण नाल बरोबर दिशेनं लावली तर खिट्टी बिघडली तरी बेस नालेत बसून राहतो. दिशा अशी: नालेचं उघडं तोंड पट्ट्याच्या लांबीकडे, म्हणजे खांद्याकडे, आणि बंद बाजू पट्ट्याच्या टोकाकडे. उलटी लावली तर सगळा भार त्या एवढ्याशा खिट्टीवर येतो. याची जुनी खोड म्हणजे पट्ट्यामागचा नट. वाजवताना पट्टा बटणाभोवती सारखा थोडा थोडा फिरतो आणि त्यासोबत नट उलगडत जातो. कंपनीनं नंतरच्या एस-लॉकमध्ये नटाऐवजी गोल चकती दिली, ती बारीक ॲलन स्क्रूनं (षटकोनी खाचेच्या स्क्रूनं) जागेवर आवळता येते. जुना नटवाला प्रकार आणि त्याच्या नकला बाजारात अजून भरपूर आहेत.

दुसरा डनलॉप कंपनीचा. यात पट्ट्याकडच्या तुकड्याला मधोमध दांडी असते, दांडीच्या टोकाला बारीक छर्रे. वरचं बटण दाबलं की छर्रे आत जातात, दांडी गिटारवरच्या बटणाच्या पोकळीत शिरते, सोडलं की छर्रे बाहेर येऊन अडकतात. लावायला-काढायला सोपा. पण हा सगळा डाव त्या छर्‍यांवर आहे, आणि पट्ट्यामागं नटाऐवजी स्प्रिंगची क्लिप असते. ती दांडीच्या ठरलेल्या खाचेतच बसते, त्यामुळं पट्टा फार जाड असला तर क्लिप खाचेपर्यंत पोचत नाही. तुमच्याकडं जाडजूड चामड्याचा पट्टा असेल तर तो दुकानात सोबत न्या. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी पट्ट्याच्या टोकाची जाडी पट्टीनं मोजा.

लॉक्स नावाच्या कंपनीचे दाबबटणासारखे लॉकही चांगले, पण आपल्या भागात एखादा सुटा भाग हरवला तर तो मिळवत बसावं लागतं. आहे त्याच बटणावर चिमट्यासारखे बसणारे प्लास्टिकचे लॉक येतात. स्क्रूला हात लावायचा नसेल आणि गिटार हलकी असेल तर चालतील. बेसला मी लावत नाही.

आणि फुकटचा उपाय. परदेशात ग्रोल्श नावाच्या डच बिअरच्या बाटलीचं लाल रबरी वॉशर पट्ट्यावरून बटणावर चढवायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडं पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा आणा. रुपयाच्या नाण्याएवढ्या तीन चकत्या कापा, मधे पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक पाडा. पट्टा बटणावर चढवून झाला की या चकत्या ताणून त्यावरून बसवा. दिसायला गबाळं दिसतं, पण वर्षभर टिकतं. गिटार नुकतीच घेतली असेल, अजून घरीच वाजवत असाल, तर यावरच थांबा. पैसे तारांना लागतील.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. शॅलरची नाल डनलॉपच्या बटणावर बसत नाही, आणि एका कंपनीची नक्कल अस्सल बटणावर बसेलच असं नाही. घरात तीन वाद्यं असतील तर तिन्हींना एकाच जातीचं लॉक, म्हणजे पट्टा कुठलाही कुठंही चालतो.

बसवणं

सामान आधी गोळा करा: स्क्रूच्या डोक्यात न डुगडुगणारा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, दातकोरण्या, फेव्हिकॉल, मेणबत्ती, चिकटपट्टी आणि लागलंच तर हाताचं ड्रिल. खालच्या बाजूला जाड गोधडी अंथरा. ड्रायव्हर सैल असेल तर पहिल्याच पिळ्याला स्क्रूचं डोकं गोल होतं, आणि मग तो स्क्रू काढणं हा वेगळाच लेख आहे.

जुना स्क्रू काढा, आणि तो नव्या स्क्रूशेजारी टेबलावर ठेवा. इथंच पाच मिनिटं थांबायचं असतं. जाडी बघा, लांबी बघा, डोक्याचा आकार बघा. तीन शक्यता निघतात.

दोन्ही सारखे निघाले तर नशीब. पुढं जा.

नवा बारीक निघाला, माझ्यासारखा, तर भोक भरायचं. काडेपेटीच्या काड्या मऊ असतात, त्या नको. दातकोरण्या चालतील, पण मला उदबत्तीची बांबूची काडी जास्त पटते, कारण बांबू कडक असतो. मसाला खरवडून काढा, काडी स्वच्छ पुसा. भोकात फेव्हिकॉलचा थेंब सोडा, काडीला थोडा लावा, मावतील तेवढ्या काड्या आत ठोका, हलक्या हातानं. वर आलेलं ब्लेडनं कापून समतल करा, सांडलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्यानं लगेच पुसा. आणि रात्रभर हात लावू नका. "दोन तासांत वाळतो की" असं सगळेच म्हणतात. आत खोलवर हवा नसते, तिथं तो लवकर वाळत नाही. वाळल्यावर मधोमध बारीक भोक पाडून मग स्क्रू. भोक फारच खाल्लेलं असेल, नखभर तरी पोकळ असेल, तर काड्यांचा नाद सोडा. ओळखीच्या सुताराकडून सागाची बारीक खुंटी करून घ्या, तीच चिकटवून बसवा. स्वस्त गिटारींचं अंग बऱ्याचदा बासवूडसारख्या मऊ लाकडाचं असतं, त्यात आटे लवकर जातात.

नवा स्क्रू जाड निघाला तर तो जबरदस्तीनं पिळू नका. एकतर लाकूड तडकतं नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून धड आत राहतं. भोक थोडं मोठं करायचं. ड्रिलचं पातं किती जाड हवं हे ओळखायची सोपी युक्ती आहे: पातं स्क्रूसमोर धरा. स्क्रूची मधली दांडी पात्यामागं लपली पाहिजे आणि आट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी दिसल्या पाहिजेत. साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूला कडक लाकडात साधारण अडीचचं पातं पुरतं. स्क्रू जेवढा आत जाणार तेवढ्या अंतरावर पात्याला चिकटपट्टीचा पट्टा गुंडाळा, म्हणजे कुठं थांबायचं ते दिसतं. भोकाभोवती रंगावरही चिकटपट्टी लावा, पातं घसरलं तर रंग वाचतो.

जुनाच स्क्रू नव्या बटणात वापरायचा मोह होईल. करा, पण त्याचं डोकं बटणाच्या आत पूर्ण बुडतंय का ते नखानं चाचपून बघा. डनलॉपच्या बटणात डोकं जरासं वर राहिलं तर दांडी पूर्ण आत जात नाही, छर्रे अर्धवटच अडकतात. हाताला तर वाटतं की लॉक बसलं.

आता स्क्रू आत घालताना आटे मेणबत्तीवर दोन-तीनदा घासून घ्या. बटण आणि गिटार यांच्यामधे फेल्टची चकती हवीच. लॉकसोबत आली नसेल तर जुन्या जाड नमद्याची कापा. हातानंच पिळा, बॅटरीवाल्या ड्रिलनं नाही. लाकडाचा अंदाज मनगटाला येतो, मशीनला येत नाही. फेल्ट दबली, बटण फिरायचं थांबलं, की आणखी पाव फेरा आणि बस. त्यापुढं पिळलंत तर आताच भरलेले आटे परत जातील.

पट्ट्याची बाजू

पट्ट्याचं भोक साध्या बटणासाठी पाडलेलं असतं, लॉकची दांडी त्यात जात नाही. कात्रीनं कुरतडू नका, कापलेल्या कोपऱ्यातून चामडं पुढं फाटत जातं. चौकात चप्पल शिवायला बसणाऱ्या काकांकडे गोल पंच असतो. त्यांना लॉक दाखवा, दांडी मोजून ते एका ठोक्यात स्वच्छ गोल भोक पाडून देतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी पट्टा उलटापालटा करून विचारलं, "बैलाचा तर नाही दिसत, कशाचाय?" सांगितल्यावर म्हणाले, "मग टोकाला अजून एक थर शिवून घे ना, बैल तरी एका जागी उभा राहतो." शिवून घेतला. सहा वर्षं झाली, तोच पट्टा आहे.

नटवाल्या लॉकला चामड्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर पडलं पाहिजे. नट पान्ह्यानं आवळा; पक्कड वापरली तर कडा झिजतात. क्लिपवाल्याला क्लिप दाबून बसवताना त्यावर फडकं धरा. ती उडते, आणि उडाली की कपाटाखालीच जाते. क्लिप एकदा वाकली की सरळ करून परत वापरू नका.

मग चाचणी. पलंगाशेजारी उभं राहा, वाद्य गादीवर लोंबकळेल असं. एका हातानं मान धरून ठेवा, दुसऱ्यानं पट्टा प्रत्येक टोकाला सगळ्या दिशांनी ओढा. लावताना "टक्" ऐकू आलं पाहिजे, आणि टक् नंतर एकदा बाहेर ओढून बघायची सवय आजच लावा. स्टेजवर लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं आहेत आणि तुम्ही अंधारात बेस गळ्यात घालताय, तेव्हा डोळ्यांचा उपयोग नसतो.

देखभाल

मी वाळूजच्या एका कारखान्यात फिटर आहे. लॉकच्या नटाचं दुखणं मी तिथल्या आमच्या मामांना सांगितलं. निवृत्तीला आलेले, हात असे की नट नुसता धरून मिलिमीटर सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "रेघ मारली का?" आमच्याकडं महत्त्वाचा नट आवळला की नटावरून खालच्या भागापर्यंत पिवळ्या पेंटची एक सरळ रेघ ओढतात. नट जराही फिरला की रेघ तुटलेली दिसते. पान्हा लावून बघायची गरज नाही, नुसती नजर टाकली की कळतं. तेव्हापासून माझ्या दोन्ही लॉकवर बायकोच्या लाल नेलपॉलिशची रेघ असते. कार्यक्रमाआधी पट्टा हातात घेतला की आधी रेघ बघतो.

नट सारखाच सुटत असेल तर आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे नट सुटू नये म्हणून लावायच्या गोंदाचा, एक थेंब. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतं. निळंच. लाल लावलंत तर पुढं नट सुटायला गरम करावा लागेल, आणि चामड्यात ते करता येत नाही. प्लास्टिकच्या भागाला हे लावू नका, काही प्लास्टिक त्यानं तडकतं. आणि लाकडात जाणाऱ्या स्क्रूला तर नाहीच. ते धातूवर धातूसाठी आहे. तिथं औषध एकच, भोक भरणं.

आपल्या हवेचं एक सांगायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या फळ्यांत फटी पडतात. गिटारचं लाकूडही थोडं आकसतं आणि हिवाळ्यात घट्ट वाटलेला स्क्रू उन्हाळ्यात हलायला लागतो. पावसाळ्यात ते फुगतं. म्हणून वर्षातून दोनदा मी बटणं तपासतो: एकदा १४ एप्रिलच्या आधी आणि एकदा पोळ्याला. गावाकडं बैलांना नवी वेसण-म्होरकी घालायचा तो दिवस, आणि चार दिवसांनी गणपती बसतात, म्हणजे कार्यक्रम सुरू. बटण हललं तर नुसतं पुन्हा पिळायचं नाही. एकदा पिळून घट्ट झालं आणि महिन्यात परत हललं, तर आटे गेले समजा.

घाम पुसणं रोजचं. कार्यक्रम संपला की लॉकचे दोन्ही भाग कोरड्या फडक्यानं पुसा. घामातलं मीठ आणि टेम्पोतून गावोगावी फिरताना बसणारी बारीक धूळ, या दोन्हींचा मिळून जो चिखल होतो तो खिट्टीच्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसतो. दोन-तीन महिन्यांनी जुन्या टूथब्रशनं झाडून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब खिट्टीवर किंवा छर्‍यांवर सोडा, चार-पाच वेळा दाबा, उरलेलं पुसून टाका. खोबरेल नको. थंडीत ते गोठतं, एरवी धूळ धरतं. तेल चामड्याला लागू देऊ नका, भोक मऊ पडतं.

चामड्याचं भोक दर वेळी वाकवून बघा. कडेला केसाएवढी चीर दिसली की टोक बदला किंवा काकांकडे न्या. वाद्य बॅगेत ठेवताना पट्टा लॉकमधून काढून वेगळ्या खिशात ठेवा, नाहीतर लॉकचा धातू रंगावर घासत घासत नांदेडपर्यंत जातो.

अकूस्टिकवाल्यांसाठी थोडक्यात

अकूस्टिक गिटारचं मागचं बटण बऱ्याचदा स्क्रूचं नसतं, भोकात नुसती दाबून बसवलेली निमुळती खुंटी असते. तिथं वरचे लॉक लागत नाहीत. इलेक्ट्रो-अकूस्टिकला तर त्याच जागी केबलचा जॅक असतो, बटणापेक्षा बराच जाड. दोन्हीला रबरी चकत्या सर्वांत बऱ्या. जॅकवाल्याला चकतीचं भोक मोठं पाडा. पुढचं बटण नसेल तर पट्ट्याची दोरी मानेच्या टोकाला, नटच्या (इथं नट म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात ती) पलीकडं, तारांखालून बांधा. मानेच्या टाचेत, म्हणजे मान अंगाला जोडलेली असते तिथं, स्क्रू मारायचा असेल तर तो दुरुस्तीवाल्याकडून मारून घ्या, मीही स्वतः करत नाही. जॅकचा बाहेरचा नट मात्र महिन्यातून एकदा बोटांनी तपासा. आणि केबल, बेसचीही, आधी पट्ट्यामागून घेऊन मग जॅकमध्ये घाला. कुणाचा पाय पडला तर ओढ पट्ट्यावर येते, जॅकवर नाही.

माझ्या बॅगेच्या पुढच्या खिशात तंबाखूची एक रिकामी डबी आहे. तिच्यात एक जास्तीचा स्क्रू, चार काड्या उदबत्तीच्या, ट्यूबच्या चार चकत्या, ॲलन की आणि बोटभर ड्रायव्हर. सोबत एक साधा पट्टा गुंडाळलेला. शॅलर आणि डनलॉप, दोन्हींच्या बहुतेक बटणांवर साधा पट्टा चढतो, त्यावर चकत्या बसवल्या की कार्यक्रम निभावतो. फेव्हिकॉल डबीत ठेवत नाही. स्टेजवर तो वाळायला वेळ कुणाकडं आहे? तिथं आटे गेले तर काड्या कोरड्याच ठोकतो, स्क्रू पिळतो आणि उरलेली गाणी खुर्चीवर बसून वाजवतो.